मातृस्मृती
(धर्मग्रामाच्या महोत्सवी समारंभात इचलकरंजी येथे झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मातेविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मला समितीकडून झाली. माझे सारे आयुष्य शाळेच्या वर्गात गेले. खडू हाती घेऊन मुलांपुढे उभे राहणे निराळे आणि आपणांसारख्या जाणत्या मंडळींपुढे उभे राहणे निराळे. तथापि हा विषयच असा आहे की, त्यावर बोलण्याचा अधिकार प्रत्येक लेकराला जन्माबरोबरच मिळालेला असतो. त्या एका अधिकाराच्या बळावर मी हे धाडस करीत आहे. माझे चुकले-माकले आपण सांभाळून घ्याल, असा मला भरवसा आहे.

महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी जुने कागद चाळण्याचे काम मजकडे आले होते. स्नानसंस्काराच्या नोंदवहीची पाने उलटताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बालकाचे नाव, बापाचे नाव, बापाचा धंदा, आईचे नाव आणि तारीख, अशी ती नोंद असते. बापाच्या नावापुढे कोठे मागवाला, कोठे शिक्षक, कोठे शेतकरी असे काही ना काही लिहिलेले सापडते. आईच्या नावापुढे काहीच नाही. ही मी तक्रार म्हणून सांगत नाही. नोंदवहीला जेवढी जागा असते तेवढेच तिच्यात मावते. परंतु जी माणसे आपल्याला प्रश्नोत्तरीतली चौथी आज्ञा पहिल्यांदा पाठ करून घेतात, ज्या आज्ञेत मातापित्यांचा मान राखण्यास सांगितले आहे, त्या आयांविषयी आपल्याला एका नावापलीकडे काय ठाऊक आहे, हा प्रश्न त्या वहीने माझ्यापुढे उभा केला.

प्रथम मी माझी स्वतःची कबुली देतो. माझी आई आजऱ्याकडची. लग्न होऊन ती इचलकरंजीस आली ती पुन्हा येथून हलली नाही. दिवसा ती मागाच्या कारखान्यात कांड्या भरी आणि संध्याकाळी दिवा लावून आम्हां भावंडांना गुडघ्यांवर बसवून जपमाळ सांगे. चौऱ्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य तिला परमेश्वराने दिले. ती गेल्यावर आम्ही तिची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात दोन लुगडी, एक प्रार्थनेचे पुस्तक आणि एक छायाचित्र निघाले. कोण्या मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर दोन तरुण मुली उभ्या आहेत. त्यांतली एक माझी आई आहे, हे तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरून मी ओळखले. दुसरी कोण, ती इमारत कोठली, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. लग्नापूर्वी ती कोठेतरी दूरच्या शहरात एका कुटुंबाकडे कामास होती, एवढे मावशीच्या बोलण्यात एकदा येऊन गेले होते. मी तिला कधी विचारले नाही. पन्नास वर्षे तिच्या हातचे जेवलो, आजारपणात तिच्या मांडीवर डोके ठेवून निजलो. पण आई, तू मला होण्यापूर्वी कोण होतीस, हे एवढे एकदा विचारण्याचे मला सुचले नाही. शाळेत मी मुलांकडून शिवाजी महाराजांच्या आग्ऱ्याच्या प्रवासाचा नकाशा काढून घेत असे. माझ्या आईच्या प्रवासाचा नकाशा मात्र मला काढता येत नाही.

आपले हे गाव प्रवासाला अपरिचित नाही. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरपर्यंत गेले आणि तेथील ख्यालगायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली; त्यांच्या नावाबरोबर या गावाचे नाव हिंदुस्थानभर पोहोचले. येथील अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३ साली युरोपास गेले आणि त्या प्रवासातले आपले अनुभव त्यांनी इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागाच्या पाठोपाठ हजारो माग आले आणि मागांच्या पाठोपाठ गावोगावची माणसे आली. आपल्यांतली बहुतेक घरेही अशीच कोठून कोठून येथे येऊन वसलेली आहेत. पुरुषांच्या येण्याजाण्याची नोंद थोडीफार तरी राहिली. त्यांच्याबरोबर कडेवर मूल आणि डोक्यावर गाठोडे घेऊन ज्या आल्या, त्यांची कहाणी कोणी लिहिली?

या प्रश्नाचा विचार करीत असता मला दोन मातांची आठवण झाली. दोघींचेही नाव लक्ष्मी. दोघीही महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासाशी निगडित आहेत, दोघींनीही पुष्कळ प्रवास केला, दोघीही ज्या काळात स्त्रीच्या हाती पाटी देणे पाप समजत त्या काळात विद्येला पोहोचल्या. परंतु एकीची स्मृती आपल्यापर्यंत आली ती चार तुकड्यांनी आणि दुसरीची आली ती अखंड. असे का झाले, हेच आज मला सांगावयाचे आहे.

पहिली लक्ष्मी म्हणजे पंडिता रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई डोंगरे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या या पत्नीस संस्कृत शिकविले. त्यावरून शास्त्रीमंडळींत मोठा गहजब झाला. शास्त्रीबुवांनी आपले करणे शास्त्राला सोडून नाही हे त्यांना समजावून सांगितले आणि पुढे ते गंगामुळाच्या अरण्यात राहावयास गेले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने. पहाटेच्या वेळी, घरचे काम सुरू होण्यापूर्वी, लेकीला जवळ घेऊन ती तिला श्लोक पढवी. हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वर्षानुवर्षे पुराण सांगत पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या निधनाची हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा रमाबाईंचा भाऊ. आणि चौथा खांदा रमाबाईंचा. उंचीने त्या लहान, म्हणून खांद्याऐवजी त्यांनी आईचा भार डोक्यावर घेतला.

पुढे रमाबाई कलकत्त्यास गेल्या, पंडिता झाल्या, १८८३ साली इंग्लंडात त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि तेथून त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. सातासमुद्रांपलीकडे बसून पुस्तक लिहिणाऱ्या त्या विदुषीला अर्पणपत्रिकेसाठी कोण्या राजाचे किंवा पंडिताचे नाव आठवले नाही. पहाटे श्लोक पढविणारी आई आठवली. ही मातृस्मृती थोरच आहे. परंतु बंधुभगिनींनो, ती लेकीची आठवण आहे. त्या लक्ष्मीबाईंनी स्वतः काय सोसले, काय पाहिले, अरण्यातल्या त्या झोपडीत रात्री त्यांच्या मनात काय येई, हे सांगणारे त्यांचे स्वतःचे पुस्तक आपल्या हाती नाही. एवढी शिकलेली बाई. पण तिला कोणी लिहावयास सांगितले नाही. कदाचित दुष्काळाने तेवढी उसंतच दिली नाही.

आता दुसऱ्या लक्ष्मीकडे वळू. या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आपण कॅथलिक, आणि टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. परंतु आईच्या मांडीवर पंथाची कुंपणे नसतात आणि ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो त्या भाषेची ही लेखिका आपणां सर्वांचीच आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, घरातल्या सर्वांचा जीव त्या सोवळ्याने मेटाकुटीस येई. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मोठे प्रतिभावान कवी. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. पण संसाराच्या दृष्टीने पाहिले तर एका जागी स्थिर बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आज येथे नोकरी, उद्या तेथे. हाती पैसा आला की तो गरजवंताच्या हाती गेलाच म्हणून समजावे. राग आला की मोठा आणि ओसरला की माया त्याहून मोठी. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे या सभेतल्या भगिनींना मी सांगावयास नको.

या संसाराने लक्ष्मीबाईंना किती हिंडविले ते पाहा. जलालपूर आणि नाशिक, मग नागपूर, मग राजनांदगाव, पुढे पंढरपूर, अहमदनगर, राहुरी, महाबळेश्वर, सातारा, मुंबई, आणि उतारवयात मुलाच्या संसाराबरोबर थेट कराची. त्यांनी देश पाहिला तो हौसेने नव्हे. पण पाहिला तो डोळे उघडे ठेवून. गाव सुटले, भांडी सुटली, शेजार सुटला. माणसांविषयीची उत्सुकता मात्र त्यांनी कोठेच मागे ठेवली नाही. जेथे गेल्या तेथली बोली, तेथल्या बायकांची सुखदुःखे आणि तेथल्या गमती त्या बरोबर घेऊन आल्या.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रवास मात्र आगगाडीने करावयाचा नव्हता. १८९३ साली आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी झालेला वियोग. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या. ज्या नवऱ्यावर जीव, तो जिवंत आहे, पत्रे पाठवितो, आणि त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशा अवस्थेत त्यांची कित्येक वर्षे गेली. अखेर मुलाला घेऊन त्या नगरकडे पतीजवळ गेल्या. पण तेथेही प्रथम त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांचे मोठेपण. आणि बाईंनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून एक पाऊलही टाकले नाही, हे त्यांचे मोठेपण.

मग एके दिवशी त्यांच्या मनाशीच प्रश्नोत्तरे झाली. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत दिसतात तशी जन्मखूण त्याने माणसांतही ठेवली नसती काय? विचार करता करता त्यांच्या मनातले ते जुने ओझे गळून पडले आणि आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन, असे त्यांनी जाहीर केले. १९०० साली त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. जलालपूरच्या त्या सोवळ्याच्या घरापासून या निर्णयापर्यंतचे अंतर मोजावयाचे झाले तर कराचीसुद्धा जवळच वाटेल.

यानंतर त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. दुष्काळात निराधार झालेली मुले त्यांच्या घरी वाढली. टिळकांनी आणलेला पाहुणा केव्हा येईल आणि किती दिवस राहील याचा नेम नसे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला बालकवी ही पदवी मिळाली, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला त्यांच्या घरी राहिला. हा हळवा मुलगा लक्ष्मीबाईंना पोटच्या मुलासारखा होता. तो हिंदू आणि त्या ख्रिस्ती. परंतु भुकेल्या मुलाला वाढताना त्यांनी कधी धर्म विचारला नाही. १९१८ साली आगगाडीच्या अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

येथे पुष्कळांच्या आईची कहाणी संपते. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, आता एका कोपऱ्यात माळ ओढीत बसावे, असेच आपण धरून चालतो. लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नासावर वर्षे झाली होती. त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याचे काम पत्करले. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई शिकणाऱ्या मुलींची आई झाली. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

आपणां कॅथलिकांना विशेष अगत्य वाटावे असे त्यांचे एक कार्य आहे. टिळकांनी प्रभू येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते अर्धवट टाकून ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यात आपले चौसष्ट अध्याय रचिले. आपले फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय, १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. एका परदेशी धर्मगुरूने मराठीची ओवी हाती धरिली. तीनशे वर्षांनी तीच ओवी घेऊन, नवऱ्याने शिकविलेल्या अक्षरओळखीवर, एका विधवा बाईने प्रभूची कथा पुढे नेली. ओवी ही मुळी जात्यावरची. ती फिरून तिच्या मूळ घरी गेली, असेच म्हणावे लागेल.

परंतु आज मी त्यांचे स्मरण करितो ते मुख्यतः दुसऱ्या एका कारणासाठी. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजेच तो दत्तू, वडिलांचे चरित्र लिहावे या विचारात होते. त्यासाठी त्यांनी आईला म्हटले की, तुझ्या आठवणी लिहून दे. मागणी होती वडिलांच्या चरित्रासाठी. आईने लिहावयास घेतले आणि आठवणींच्या पाठोपाठ आठवणी आल्या. वडिलांच्या आठवणी सांगता सांगता आई स्वतःच कागदावर उभी राहिली. त्या पुत्राची थोरवी मला अशी वाटते की, ही भर नको, कामापुरते सांग, असे तो म्हणाला नाही. त्या आठवणी 'संजीवनी' मासिकातून छापल्या गेल्या आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' या नावाने चार भागांत पुस्तकरूपाने निघाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी देह ठेविला. १९५० साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने इंग्रजीत आणले. मराठी गद्याच्या उत्कृष्ट ग्रंथांत आज त्याची गणना होते.

ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी वाचावे. त्यात दुःख पुष्कळ आहे, पण रड नाही. नवऱ्याचे दोष आहेत, पण नवऱ्याची निंदा नाही. स्वतःच्या फजितीवर ही बाई जितकी हसते तितकी दुसऱ्या कोणावरही हसत नाही. ओसरीवर बसून कोणी आजी सांगत आहे आणि आपण भाजी निवडता निवडता ऐकत आहोत, अशी ती भाषा. सुसंस्कृतपणा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी पदव्यांची यादी दाखविणार नाही. इतके सोसूनही ज्या मनात कडवटपणाला थारा मिळाला नाही, ते मन मी दाखवीन.

आता त्या प्रश्नाचे उत्तर पाहू. रमाबाईंच्या आईचा थोडाच वृत्तान्त आपल्याला का मिळाला आणि टिळकांच्या लक्ष्मीबाई सर्वांगांनी आपल्याला का भेटल्या? बुद्धीत, विद्येत पहिली दुसरीहून उणी नव्हती. पाठांतरात तर वरचढच होती. फरक एवढाच की, दुसरीच्या मुलाने ती हयात असता तिला विचारले आणि ती सांगू लागली तेव्हा तो ऐकत बसला.

पवित्र शुभवर्तमानातही मला हेच दिसते. मेंढपाळ आले, गेले. तेव्हा मरियेने त्या साऱ्या गोष्टी अंतःकरणात साठवून त्यांचे मनन केले, असे संत लूक सांगतो. आता विचार करा. मातेने जे अंतःकरणात साठविले ते शुभवर्तमानकाराला कसे कळले? कोणीतरी त्या माउलीजवळ बसून विचारले असेल आणि तिने सांगितले असेल, असे श्रद्धाळू लोक फार पूर्वीपासून मानीत आले आहेत. बेथलेहेमची ती रात्र, शिमोनाचे ते शब्द, मंदिरात हरवलेला बारा वर्षांचा मुलगा, यांवाचून आपला नाताळ आणि आपली जपमाळ किती ओकीबोकी झाली असती! आईच्या आठवणीचे मोल यापेक्षा अधिक काय सांगू?

आपण मात्र काय करतो? नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरीवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सा अर्पण करतो. हे सर्व अवश्य करावे. त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणे हा आपला धर्मच आहे. परंतु कबरीला प्रश्न विचारता येत नाहीत. मी विचारून पाहिले आहे. ते छायाचित्र घेऊन मी गेल्या नोव्हेंबरात तेथे उभा होतो.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने माझी आपणांस, विशेषतः तरुण मंडळींस, एक विनंती आहे. ती फार मोठी नाही. तिला वर्गणी लागत नाही आणि समितीही लागत नाही. ज्यांची आई किंवा आजी आज हयात आहे, त्यांनी एक साधी वही घ्यावी आणि आठवड्यातून एक तास तिच्याजवळ बसावे. तुझे माहेर कोठले, या गावी तू कशी आलीस, पहिल्या दिवशी मागांचा खडखडाट ऐकून तुला काय वाटले, पंचगंगेला पूर आला तेव्हा तुम्ही कोठे होता, तुला गाणी कोणी शिकविली, तुझी पहिली मैत्रीण कोण, असे विचारावे. पहिल्या दिवशी ती म्हणेल, माझे काय सांगण्यासारखे आहे? लक्ष्मीबाईंनाही बहुधा असेच वाटले असेल. दुसऱ्या दिवशी ती बोलू लागेल. तिने सांगितले तसेच लिहावे; तिची भाषा सुधारू नये. आपल्या बोलीतला एखादा शब्द आज फक्त तिच्याच तोंडी उरला असेल. तो तसाच उतरून घ्यावा. छायाचित्र सापडले तर त्याच्या पाठीवर नावे आणि साल लिहून ठेवावे. एवढे जरी केले तरी पुढच्या महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी कागद चाळणाऱ्या माणसाला नोंदवहीतल्या रिकाम्या जागेकडे पाहत बसावे लागणार नाही.

याच इचलकरंजीत १९७४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे पन्नासावे अधिवेशन भरले, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. साहित्य म्हणजे काहीतरी मोठे, मंडपातले, असे आपल्याला वाटते. पण मराठीतले एक अमोल पुस्तक एका मुलाने आईला केलेल्या घरगुती विनंतीतून जन्मले आहे, हे आपण विसरू नये. आपल्या घरांतून तसे ग्रंथ निघतील, असे मी म्हणत नाही. निघणार आहेत त्या वह्या, आणि एका घराला एक वही पुरे आहे.

माझ्या आईसाठी मला आता एवढेच करता येते की, ते छायाचित्र मी आज येथे आणले आहे. कार्यक्रमानंतर ते या टेबलावर ठेवीन. आपल्यांत जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी कृपा करून ते पाहावे. ती इमारत किंवा ती दुसरी मुलगी कोणाच्या ओळखीची निघाली, तर एका म्हाताऱ्या मुलावर फार उपकार होतील. आणि नाहीच निघाली, तरी माझ्या आईला आज इतक्या लोकांनी पाहिले, एवढे समाधान मला पुरेल.

आपल्या हयात असलेल्या मातांना परमेश्वर दीर्घायुष्य देवो. ज्या त्याच्या घरी गेल्या त्यांना चिरशांती देवो. आणि आपणां लेकरांना वेळेवर विचारण्याची बुद्धी देवो, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.